उपाशी राहिलेली दीर्घिका

लेखांक ११

मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास चित्रेचा तारा बालाघाटहून बरोबर दक्षिणेला येतो. हात लांब करून मूठ आकाशाला लावली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. चित्रेपासून सरळ खाली अशा साडेतीन मुठी मोजायच्या. तिथं, क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर, एक पुसट, किंचित फुगल्यासारखा तारा असतो. शहरातून तो दिसायचा नाही. दक्षिणेला गोंदियाचा उजेड पसरलेला असतो आणि उन्हाळ्यातली धूळ वेगळीच. पण बैहरच्या पठारावर दक्षिण मोकळी असलेली जागा सापडली, आणि आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून हवा धुतली गेली असली, तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नागपूरकरांनाही दिसेल, फक्त त्यांना गावापासून आणखी लांब जावं लागेल.

जुन्या यादीकारांनी त्याला ताराच समजून टाकलं होतं. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून दक्षिणेचं आकाश नोंदवताना एडमंड हॅलीच्या लक्षात आलं की हा तारा नव्हे. नरतुरंग तारकासमूहातल्या या ओमेगा सेंटॉरीत सुमारे एक कोटी तारे एका गोळ्यात दाटीवाटीने राहतात. अंतर १७ हजार प्रकाशवर्षं. अशा गोळ्यांना गोलाकार तारकागुच्छ म्हणतात. एका गुच्छात साधारणपणे लाखभर ते दहा लाख तारे असतात. त्यांचं वय दहा ते तेरा अब्ज वर्षांच्या घरात असतं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या फार मागे नाही. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेच्या वर गुच्छ माहीत आहेत.

आता मान वर करा. ओमेगा सेंटॉरी दक्षिणेला असतो तेव्हा कन्या राशीतली एम ८७ ही दीर्घिका जवळपास डोक्यावर असते. उत्तरा फाल्गुनीचा तारा आणि कन्येतला एप्सिलॉन यांच्या साधारण मधोमध तिची जागा. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, आणि लहान दुर्बिणीतूनही फार काही हाती लागत नाही. एक गोल, मऊ कडांचा डाग, बस्स. शार्ल मेसिएने १७८१ मध्ये नोंदवला तोही डागच. २०१९ मध्ये जिच्या कृष्णविवराचं चित्र जगभर छापून आलं, ती हीच दीर्घिका. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. तिच्याभोवती बारा हजारांहून अधिक गोलाकार गुच्छ घोंगावताहेत.

आपल्याकडे दीडशे, तिच्याकडे बारा हजार. एम ८७ आकाशगंगेपेक्षा पुष्कळ मोठी आहे, हे खरं. पण तेवढ्याने हिशेब मिटत नाही, कारण दोघींच्या प्रकाशाच्या मानाने मोजलं तरी तिच्या पदरी कित्येक पट जास्त गुच्छ पडतात. एवढे आले कुठून? महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका कशा घडल्या याचा गेल्या चाळीस वर्षांतला वाद बराचसा याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

गेल्या आठवड्यात आपण या दीर्घिकांचं बाह्यरूप पाहिलं. सर्पिल बाहू नाहीत, थंड वायू जवळजवळ नाही, नवे तारे जन्मत नाहीत, सगळीकडे म्हातारे तांबूस तारे. अशी दीर्घिका अभ्यासायला मोठी अवघड. तिच्यातले अब्जावधी तारे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांच्या एकत्रित प्रकाशातून फक्त सरासरी हाती येते. कोण आधी जन्मलं, कोण बाहेरून आलं, हे त्या सरासरीत बुडून जातं. त्यामुळे दोन अगदी उलट कथा कित्येक वर्षं शेजारी शेजारी नांदू शकल्या. पहिली म्हणायची की वायूचा एक प्रचंड मेघ एकदम कोसळला आणि दीर्घिका एका दमात तयार झाली. दुसरी १९७७ मध्ये अलार टूम्रेने जोरात मांडली. दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळल्या, त्यांच्या चकत्या विस्कटल्या, आणि त्या गोंधळातून लंबवर्तुळाकार दीर्घिका उरली.

गुच्छ इथे उपयोगी पडतात, कारण ते मिसळून जात नाहीत. दीर्घिका फाटली, तिचे तारे चहूकडे उधळले, तरी घट्ट बांधलेला गुच्छ बहुधा अख्खा राहतो, आणि ज्या वायूतून तो जन्मला त्याची रासायनिक खूण त्याच्या ताऱ्यांत तशीच राहते. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात पाहा. बोली एकमेकींत मिसळल्या, घरांची धाटणी एकसारखी झाली, पण बिसेन, पटले, टेंभरे, राहंगडाले ही आडनावं ऐकली की माळव्याकडून आलेली पोवारांची कुळं कोणती, ते आजही कळतं. गुच्छांचं आडनाव म्हणजे त्यांच्यातलं लोखंड आणि इतर जड मूलद्रव्यांचं प्रमाण. खगोलशास्त्रज्ञ हेलियमपेक्षा जड असलेल्या सगळ्यांना सरसकट ‘धातू’ म्हणतात. ऑक्सिजनही त्यांच्या लेखी धातूच! भरवेलीच्या मँगनीज खाणीत काम करणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, आणि त्याचं हसणं वाजवी आहे.

हे प्रमाण मोजण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे रंग. ज्या गुच्छात धातू कमी, तो जरा निळसर. धातू जास्त, तो जरा तांबूस. फरक बारीक असतो. डोळ्यांना दोन्ही पिवळटच वाटतील. निळसर गुच्छांत सूर्याच्या मानाने धातू साधारण तिसाव्या हिश्शाइतके, तांबूस गुच्छांत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

आता वादाकडे. टूम्रेच्या टक्कर-कथेवर सिडनी व्हॅन डेन बर्ग या कॅनडातल्या ज्येष्ठ निरीक्षकाने अगदी बाळबोध आक्षेप घेतला. दोन सर्पिल दीर्घिका एकत्र आल्या तर त्यांच्या गुच्छांची फक्त बेरीज होईल. प्रकाशाचीही बेरीजच होईल. मग प्रकाशाच्या मानाने गुच्छांचं प्रमाण वाढलं कसं? एम ८७ सारख्या दीर्घिकांत ते अनेक पटींनी जास्त आहे, म्हणजे कथेत कुठेतरी खोट आहे. हे प्रमाण नीट मोजण्याची पद्धत त्याने आणि विल्यम हॅरिसने १९८१ मध्ये घालून दिली होती, त्यामुळे आक्षेप नुसता तोंडी नव्हता.

त्यावर उत्तर निघालं. १९८७ मध्ये फ्रान्सवा श्वायझरने सुचवलं की टकरीत नुसती बेरीज होत नाही. दोन्हींकडचा वायू दाबला जातो आणि नवे गुच्छ तिथल्या तिथे जन्मतात. कीथ अ‍ॅशमन आणि स्टीफन झेप्फ या दोघांनी १९९२ मध्ये ही कल्पना पुढे नेऊन एक ठोस भाकीत केलं. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत गुच्छांचे दोन गट सापडले पाहिजेत. जुन्या सर्पिल दीर्घिकांकडून आलेले निळसर, आणि टकरीत धातूंनी भरलेल्या वायूतून जन्मलेले तांबूस. रंगांचा आलेख काढला तर एका टेकडीऐवजी दोन टेकड्या दिसतील.

त्याच वर्षी हबल दुर्बिणीला ययाती दीर्घिकासमूहातल्या एनजीसी १२७५ या अस्ताव्यस्त दीर्घिकेत तरुण, भारदस्त गुच्छ दिसले. पुढच्याच वर्षी झेप्फ आणि अ‍ॅशमन यांनी प्रत्यक्ष मोजमापांत दोन टेकड्या दाखवल्या. १९९५ मध्ये ब्रॅडली व्हिटमोर आणि श्वायझर यांनी ‘अँटेना’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एकमेकींवर आदळत असलेल्या दोन दीर्घिकांत सातशेहून अधिक निळे, नवजात ठिपके मोजले. ही तर डोळ्यांदेखत चाललेली बाळंतपणं होती. भाकीत आधी, पुरावा नंतर. विज्ञानात यापेक्षा देखणा क्रम नसतो. त्या काळातली परीक्षणं वाचताना प्रश्न सुटलाच असं वाटतं.

तो सुटला नव्हता. मला या साऱ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेत आपल्याला शिकवतात की भाकीत खरं ठरलं म्हणजे सिद्धांत खरा. इथे भाकीत तंतोतंत खरं ठरलं आणि कारण चुकीचं निघालं, निदान अर्धं.

१९९७ मध्ये डंकन फोर्ब्स, जीन ब्रोडी आणि कार्ल ग्रिलमेयर यांनी दोन्ही टेकड्यांची उंची वेगवेगळी तपासली. टक्कर-कथा खरी असेल तर ज्या दीर्घिकांत गुच्छ भरमसाट, तिथे तांबूस गुच्छांची गर्दी हवी, कारण वाढ त्यांच्यामुळे व्हायची. प्रत्यक्षात उलटं निघालं. अशा दीर्घिकांत जास्तीची भरती होती निळसर गुच्छांची. म्हणजे ज्यांचा हिशेब लावायचा होता ते टकरीत जन्मलेलेच नव्हते. मग निळसर आले कुठून? वर्षभरात पॅट्रिक कोटे आणि सहकाऱ्यांनी उत्तर पुढे केलं. लहान दीर्घिकांतून. मोठ्या दीर्घिकेने आयुष्यभर शेजारच्या बटू दीर्घिका गिळल्या. त्यांचे तारे तिच्यात विरघळले, गुच्छ मात्र तिच्या अंगाखांद्यावर फिरत राहिले.

बटू दीर्घिकांचे गुच्छ निळसरच का असावेत, हे सोपं आहे. लहान दीर्घिकेचं गुरुत्व दुबळं. फुटणाऱ्या ताऱ्यांनी तयार केलेले धातू तिला धरून ठेवता येत नाहीत, ते वाऱ्यावर उडून जातात. कन्या दीर्घिकासमूहातल्या १०० दीर्घिका हबलने एका मोठ्या मोहिमेत टिपल्या, तेव्हा ही पायरी स्पष्ट दिसली. लहान दीर्घिकांत जवळजवळ सगळे गुच्छ निळसर, आणि दीर्घिका जसजशी मोठी तसतसा तांबूस गुच्छांचा वाटा वाढता.

मध्येच एक चांगला खोडा पडला. २००६ मध्ये कोरियातल्या युन सक-जिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रंग आणि धातूंचं प्रमाण यांचं नातं सरळ रेषेत नाही. मधेच ते वळण घेतं. अशा वाकड्या नात्यामुळे धातूंची एकच टेकडी असली तरी रंगांच्या आलेखात दोन दिसू शकतात. म्हणजे दहा-पंधरा वर्षं सगळे भांडत होते ते दोन गट कदाचित अस्तित्वातच नव्हते! या शंकेला हसून सोडून देता येत नव्हतं. रंग सोडून प्रत्येक गुच्छाचा वर्णपट घेणं, कॅल्शियमच्या रेषा मोजणं, हा एकच उपाय होता, आणि एकेका मंद ठिपक्यासाठी ते काम जिकिरीचं. ब्रोडी यांच्या गटाने हवाईतल्या केक दुर्बिणीवर ते केलं. २०१२ मध्ये एनजीसी ३११५ या दीर्घिकेपुरतं तरी उत्तर मिळालं. तिथे धातूंच्याही दोन टेकड्या होत्या. प्रत्येक दीर्घिकेत तसंच असेल असं मानायला मी तयार नाही, पण दोन गट हा नुसता डोळ्यांचा भास नाही, एवढं पक्कं झालं.

वर्णपटातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. गुच्छाचा वेग. आणि वेगाने या कथेला खरं वजन दिलं. तांबूस गुच्छ दीर्घिकेच्या मध्याजवळ गोळा झालेले असतात आणि तिथल्या ताऱ्यांच्या चालीने चालतात. निळसर दूरवर विखुरलेले, स्वतंत्र चालीचे. एम ८७ च्या बाहेरच्या भागात आरन रोमानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये काही गुच्छ असे पाहिले की ते एकाच टोळीने हलत होते. गिळलेली दीर्घिका अजून पूर्ण पचलेली नव्हती. दोन वर्षांनी याच परिसरात एक गुच्छ असा सापडला की तो एम ८७ च्या मानाने सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने आपल्या दिशेने येतोय. बहुधा कृष्णविवरांच्या एखाद्या जोडीने त्याला भिरकावून दिलं असावं. तो परत फिरणार नाही. घाबरायचं कारण नाही, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं म्हणजे पुष्कळ उसंत आहे.

यातून जी कथा उभी राहिली तिचे दोन अंक आहेत. पहिल्या अंकात, दहा अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी, भरपूर वायू एका लहानशा जागेत कोसळतो आणि घट्ट, आटोपशीर पण वजनदार गाभा तयार होतो. तांबूस गुच्छ तिथले घरचे. दुसऱ्या अंकात हा गाभा लहानमोठ्या शेजाऱ्यांना गिळत फुगत जातो, आणि निळसर गुच्छ बहुतांशी त्या शेजाऱ्यांचे. २०१० मध्ये लुडविग ओसर आणि सहकाऱ्यांची संगणकी प्रतिरूपंही याच दोन अंकांवर येऊन थांबली. म्हणजे एका दमात घडली म्हणणारेही बरोबर आणि गिळत वाढली म्हणणारेही. अशा तडजोडींचा मला जरा संशय येतो. सगळ्यांना बरोबर ठरवणारी कथा खोटी ठरायची कशी?

तर तिला खोटं ठरवायची एक वाट होती. पहिला अंक झाला आणि दुसरा झालाच नाही, अशी एखादी दीर्घिका शोधायची. तिच्याकडे फक्त तांबूस गुच्छ असायला हवेत. निळसरांची गर्दी निघाली तर दोन अंकांची कथा कोलमडली.

अशी एक होती. एनजीसी १२७७, ययाती समूहातच, वर आलेल्या एनजीसी १२७५ च्या शेजारी. अंतर सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षं. आकाशगंगेच्या दुपटीने तारे, पण आकार तिच्या चतुर्थांश. तारे जवळजवळ सगळे दहा अब्ज वर्षांपूर्वीचे, त्यानंतर नवा जन्म नाही. दीर्घिकांच्या एवढ्या गर्दीत राहून ती उपाशी कशी राहिली? कारण ती त्या समूहातून फार वेगाने धावते आहे. गिळायचं तर शेजारी सावकाश जवळून जायला हवा. भरधाव दीर्घिकेच्या हाती काही लागत नाही, आणि समूहातला वायूही तिला ओढून घेता येत नाही. मायकल बीझली आणि सहकाऱ्यांनी हबलच्या चित्रांत तिचे गुच्छ मोजले आणि २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल छापला. तांबूस गुच्छ होते. निळसर जवळजवळ नव्हतेच.

महाकाय दीर्घिकांवर मी जे काही वाचलं आहे त्यात इतका सुटसुटीत निकाल दुसरा नाही. बाकी सगळीकडे जे आहे त्याचा अर्थ लावावा लागतो. इथे जे नाही त्याने साक्ष दिली.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांवरचं काम आपल्या भागात होत नाही असा समज असेल तर तो काढून टाकावा. पुण्याच्या आयुकात अजित केंभावी यांनी या दीर्घिकांच्या प्रकाशाच्या मांडणीवर वर्षानुवर्षं काम केलं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले माधव पाटील, बालाघाटहून दिवसाभरात जाऊन येता येईल अशा रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातले एस. के. पांडे, आणि त्यांच्याबरोबर डी. के. साहू व केंभावी यांनी २००७ मध्ये वेगळ्याच साक्षीदाराची तपासणी प्रसिद्ध केली. ती होती धुळीची. या म्हाताऱ्या दीर्घिकांत धूळ असायचं तसं कारण नाही, तरी अनेकींत ती आहे. तिचे गुण आकाशगंगेतल्या धुळीशी जुळतात, पण तिचं प्रमाण त्या दीर्घिकांच्या स्वतःच्या ताऱ्यांच्या झिजेतून यायला हवं तितकं जुळत नाही. मग काही धूळ बाहेरून आलेली असणं हे एक सरळ स्पष्टीकरण उरतं. गुच्छ अब्जावधी वर्षांपूर्वीचं सांगतात, धूळ अलीकडचं. कारण या दीर्घिकांतल्या गरम वायूत धूळ फार काळ टिकत नाही.

आपल्या आकाशगंगेचंही असंच. ती सर्पिल आहे, फार काही गिळलेली नाही, तरी अगदी सोवळीही नाही. १९९४ मध्ये धनू राशीपलीकडे एक बटू दीर्घिका आकाशगंगेत विरघळताना सापडली, आणि मेसिएच्या यादीतला एम ५४ हा गुच्छ तिच्या मध्यावर आहे असं निघालं. गाया उपग्रहाने गुच्छांच्या चाली मोजल्यावर २०१९ मध्ये दाविदे मासारी आणि सहकाऱ्यांनी १५१ गुच्छांची छाननी केली. त्यांतले साधारण ४० टक्केच घरचे ठरले. खुद्द ओमेगा सेंटॉरी हा कुणा गिळलेल्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. २०२४ मध्ये त्याच्या मध्यावर सात तारे इतक्या वेगाने फिरताना दिसले की तिथे किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असलं पाहिजे. साध्या गुच्छात ते अपेक्षित नसतं, दीर्घिकेच्या गाभ्यात असतं.

एक जागा अजून कच्ची आहे. वय. दहा अब्ज वर्षांपुढे गुच्छाचं वय मोजताना एक-दीड अब्ज वर्षांची चूक सहज होते. त्यामुळे निळसर आधी जन्मले की तांबूस, आणि किती आधी, हे जवळच्या दीर्घिकांकडे पाहून ठरवणं कठीण. इथे आता वेब दुर्बिणीने दुसरी वाट काढली आहे. म्हाताऱ्याचं वय विचारण्याऐवजी त्याचं बाळपणच पाहायचं. २०२४ मध्ये अँजेला अ‍ॅडामो आणि सहकाऱ्यांनी दूरच्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाने मोठ्या झालेल्या एका चित्रात पाच घट्ट तारकागुच्छ ओळखले. त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय फक्त ४६ कोटी वर्षं होतं. हेच पुढे गोलाकार गुच्छ झाले का, त्यांतले किती टिकले, हे वाद सुरू आहेत.

गुरुत्वाने चित्र मोठं होतं म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्या मोठेपणात किती फसगत लपलेली असते, ते पुढच्या आठवड्यात.